आप्पांचा अभिप्राय

आप्पा अगासकर उजव्या अंगठ्याचं नख कधी कापत नसत. त्यांची बायको, माई, दर रविवारी त्यांना सज्जात बसवून बाकीची सगळी नखं कापायच्या आणि त्या एका नखाशी आल्या की मुकाट्याने हात सोडून द्यायच्या. गिरगावात त्यांच्या इमारतीत मी आईबरोबर भाडेकरू म्हणून राहायला गेले, तेव्हा पहिल्या दिवशी माझं लक्ष गेलं ते त्या नखाकडेच. मला वाटलं, माणूस सतार-बितार वाजवत असेल. घरमालक आणि त्यात कलावंत, म्हणजे मोरीतला नळ काही दुरुस्त व्हायचा नाही, असं मी आईला सांगून टाकलं. आप्पा कलावंत नव्हते. नळ मात्र शेवटपर्यंत गळत राहिला.

त्यांची सगळी नोकरी सरकारी मोजणी खात्यात, यंत्रांच्या कोठारात गेली होती. जमीन मोजायचे थिओडोलाइट, होकायंत्रं, जहाजावरून सूर्य बघून जागा काढायचे सेक्स्टंट, हे सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. इंग्रज गेले तेव्हा त्यांच्या घरांतून आणि मोडीत काढलेल्या बोटींवरून असली यंत्रं बाजारात आली. हौशी लोक ती दिवाणखान्यात ठेवू लागले. मागणी वाढली तशी नकली यंत्रंही निघाली. नवं पितळ ओतायचं, आम्लात बुडवून काळं करायचं आणि वर लंडनच्या कुठल्यातरी जुन्या कारागिराचं नाव कोरायचं. खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे विचारायला लोक अगासकरांच्या जिन्यात उभे राहायचे. आप्पा त्याचे पैसे घेत नसत. त्यांना हवा असायचा तो मान, आणि तो त्यांना भरपूर मिळायचा.

त्यांची तपासणी हा बघण्यासारखा प्रकार होता. यंत्राकडे ते आधी ढुंकूनही बघत नसत. पेटी उघडून वास घ्यायचे, मग आतल्या मखमलीवर हात फिरवायचे. एकदा एक वकील भलंमोठं होकायंत्र घेऊन आले होते. आप्पांनी मखमलीवरचे दाबले गेलेले डाग बघितले आणि झाकण लावून टाकलं. "वकीलसाहेब, पेटी खरी आहे. यंत्र तिच्याकडे पाहुणं आलंय." जुनं यंत्र वर्षानुवर्षं जिथे टेकतं तिथे कापड झिजतं, आणि हे यंत्र त्या झिजेत बसत नव्हतं. वकील हिरमुसले, पण जाताना वाकून नमस्कार करून गेले.

पेटीनंतर स्क्रूंची डोकी, मग कडा, मग रेघा. अंशांच्या बारीक रेघांवरून ते डोळे मिटून नख फिरवायचे. रेघा आखायच्या खास यंत्राने ओढलेली रेघ नखाला सारखी अडते, हाताने कोरलेल्या नकलीवरून नख घसरतं, असं त्यांचं म्हणणं. कारागिराचं नाव ते सगळ्यांत शेवटी वाचायचे. "नाव कोरायला एक दुपार पुरते हो," ते म्हणायचे, "खोटं करणारा सगळी मेहनत नावावरच करतो. आपण तिथे बघायचंच नाही."

आणि एक नियम. यंत्र कुठून आलं, कुणी जपलं, हे काही ते ऐकून घेत नसत. कुणी तोंड उघडलं की ते तळहात वर करायचे. "गोष्ट नंतर. गोष्ट ऐकली की डोळा फितूर होतो." या नियमाचा त्यांना फार अभिमान होता. मी शाळेत शिकवायचे, रोज मुलांच्या गोष्टी ऐकाव्या लागायच्या, कुणाची वही गाईने खाल्ली, कुणाची आजी तिसऱ्यांदा वारली, त्यामुळे मलाही तो नियम मोठा शहाणपणाचा वाटायचा.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आमच्या जिन्यातसुद्धा तेवढा एकच विषय असायचा. मी शाळेतल्या इतर शिक्षिकांबरोबर प्रभातफेऱ्यांना जायचे, घसा बसेपर्यंत ओरडायचे. आप्पांचं घराणं मुंबईतलं जुनं, पिढ्यान्पिढ्या कचेऱ्यांत कारकून आणि घरमालक. आरडाओरडा त्यांना सोसत नसे. मी परत आले की सज्जातून विचारायचे, "काय मास्तरीणबाई, आज कुठली हद्द हलवून आलात?" मला राग यायचा. "आप्पा, माणसं मेली आहेत," मी एकदा तडकून म्हणाले. ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "माहीत आहे. मी जन्मभर हद्दीच्या माणसांना यंत्रं पुरवली. दगड रोवताना शेजारी कोण उभं आहे, हे कुणी बघत नाही." एवढं बोलून ते आत गेले. माणूस चेष्टेखोर होता, निर्दय नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात ते तसे दिसणार आहेत.

गोदीजवळ खलाशांना शिकवणारी एक जुनी संस्था होती. तिथल्या कार्यालयात काचेच्या कपाटात शंभरएक वर्षांपूर्वीचा एक सेक्स्टंट ठेवलेला होता. नवे सुपरिंटेंडंट बाहेरगावाहून बदलून आले आणि त्यांना संशय आला. एवढं जुनं यंत्र, आणि पितळ असं झळझळीत कसं? खरा सेक्स्टंट बाजारात विकून कुणी नकली आणून ठेवला नसेल ना? कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे असे, कोठारावरच्या दत्तारामकडे. अभिप्राय द्यायला आप्पांना बोलावणं आलं.

त्या दिवशी शहरात वातावरण तंग होतं. दुकानं अर्धवट उघडी, रस्त्यात पोलीस. सुपरिंटेंडंटनी गाडी पाठवली होती आणि ती खाली उभीच होती. आप्पा तासाभरात परत आले ते खुशीत. माईंनी दिलेलं सरबत पीत त्यांनी मला सगळं रंगवून सांगितलं. जुन्या पितळावर असतो तो लाखेचा थर कुठेच नाही. कडा बोथट. रेघांवरून नख सरळ घसरलं. आणि रेघा उठून दिसाव्यात म्हणून भरतात त्या काळ्या मेणाऐवजी काहीतरी लाल भरलेलं! "इतकी गलथान नक्कल मी आजवर बघितली नव्हती. लेखी देऊन आलो." तो कोठारवाला दाराशी उभा होता, साहेब जरा ऐका, साहेब जरा ऐका म्हणत होता. "मी हात वर केला," आप्पा म्हणाले. "म्हटलं, गोष्ट नंतर."

ती नंतरची वेळ काही आली नाही. संस्थेने दत्तारामला पोलिसांत दिलं नाही, फक्त कामावरून काढलं, आणि तेच मोठे उपकार असं सुपरिंटेंडंटनी फोनवर आप्पांना सांगितलं. आप्पांनी तो विषय तिथेच सोडला. मीही सोडला.

मग दसरा आला. संध्याकाळी मी आपट्याची पानं घेऊन खाली अगासकरांकडे गेले. आप्पांच्या घरची पूजा नेटकी. त्यांची स्वतःची दोन यंत्रं रेशमी कापडाखाली झाकलेली आणि वर एक झेंडूचं फूल. ती पुसायची परवानगी माईंनाही नव्हती. माईंच्या हाती होती ती देवाची भांडी, आणि ती त्यांनी अशी घासली होती की बघत राहावं. मी पान दिलं, आप्पांनी पेढ्यासाठी ताम्हण पुढे केलं. त्या ताम्हणाच्या काठावर माईंच्या आईचं नाव कोरलेलं होतं, लग्नात आलेलं भांडं. आप्पांचा अंगठा त्या नावावर टेकला आणि तिथेच थांबला. त्यांनी नख नावावरून फिरवलं. परत फिरवलं. दोन्ही वेळा ते सरळ घसरलं.

"माई, हे कशाने घासता?"

"कशाने म्हणजे? चिंचेने. वर जरा राख."

"आणि अक्षरांत हे लाल काय?"

"कुंकू हो! पूजेचं ताम्हण आहे, कुंकू नाहीतर काय शाई असणार?"

"कधीपासून घासताय असं?"

"या घरात आले तेव्हापासून. तुम्ही कधी बघितलंत का?"

आप्पांनी ताम्हण खाली ठेवलं. पेढा द्यायचा राहिला. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला वाटलं छातीत दुखतंय. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, त्या गोदीतल्या माणसाचं पूर्ण नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. ज्याला कामावरून घालवलं त्याचं नावसुद्धा त्यांनी धड विचारलं नव्हतं. त्या क्षणी मला आप्पांचा मनस्वी राग आला, आणि त्यांची तेवढीच कीवही आली.

दोन दिवसांनी त्यांनी मला गोदीजवळच्या त्या संस्थेत बरोबर चलायची गळ घातली. ट्राममध्ये ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "रेघा तुम्हाला वाचाव्या लागतील. मला बारीक दिसत नाही. मोतीबिंदू आहे."

"कधीपासून?"

"बरेच दिवस."

"तेव्हाही होता?"

"तेव्हाही. म्हणून तर नखावर भागवलं." रेघा एकमेकींशी जुळतात का, हीच तपासणी खरी. ती डोळ्यांनीच करावी लागते आणि ती त्यांनी केलीच नव्हती. दिसत नाही हे त्या साहेबासमोर कबूल करायची त्यांना लाज वाटली होती.

संस्थेतल्या एका म्हाताऱ्या शिपायाला विचारल्याबरोबर त्याने सगळं सांगितलं. त्याला वाटलं, हे तर जगाला माहीत आहे. दर दसऱ्याला कपाट उघडायचं, यंत्रं चिंचेने घासायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा. खलाशांची तिथली जुनी रीत. आधीचे साहेब स्वतः प्रसाद घ्यायला यायचे. "दत्ताराम तांडेल सगळ्यांत पुढे असायचा," शिपाई म्हणाला. "तो सेक्स्टंट दुसऱ्या कुणाला घासायला देत नव्हता. म्हणायचा, तुम्ही ढिसाळपणा कराल." नव्या साहेबांनी इथला दसरा बघितलाच नव्हता, आणि यंदा दत्ताराम नाही म्हणून कपाट उघडलंच गेलं नव्हतं.

सेक्स्टंट टेबलावर ठेवला गेला. मोठ्या कमानीवर अंशांच्या रेघा आणि तिच्यावरून सरकणाऱ्या छोट्या पट्टीवर वेगळ्या रेघा. खऱ्या यंत्रात पट्टीचं एक टोक कमानीवरच्या कुठल्याही रेघेशी जुळवलं की दुसरं टोकही त्याच वेळी रेघेशी जुळतं. नकलीत एका जागी जुळली तर दुसऱ्या जागी फसतात. मी भिंग धरलं. रेघा पुसट झाल्या होत्या, लालसर होत्या, पण होत्या. आप्पा पट्टी सरकवायचे, मी बघायचे.

"जुळली."

"दोन्ही टोकं?"

"दोन्ही."

"परत बघा." त्यांनी पट्टी कमानीच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिथेही जुळली. ते परत परत सरकवत राहिले, जणू कुठेतरी एकदा फसेल आणि आपण सुटू. पण ती कुठेच फसली नाही.

आप्पांनी सुपरिंटेंडंटना सरळ सांगितलं. यंत्र अस्सल आहे, माझा अभिप्राय चुकीचा होता, मला मोतीबिंदू आहे, त्या माणसाला परत घ्या. सुपरिंटेंडंट सभ्य गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आप्पासाहेब, तुमच्या कोणत्या अभिप्रायावर विश्वास ठेवू? तुम्हाला दिसत नाही हे तर आता तुम्हीच सांगताय."

आप्पा उठले. खाली उतरल्यावर ते गोदीच्या भिंतीला टेकून उभे राहिले आणि मी ट्राम येईपर्यंत त्यांचा हात धरून ठेवला.

दत्ताराम तांडेल लालबागला चाळीत राहायचा. मूळचा मालवणकडचा, ठेंगणा, भक्कम माणूस. आता एका वखारीवर राखण करत होता. आम्हाला बघून तो दारातून बाजूला झाला नाही. आप्पांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याची बायको आत चुलीशी पाठ करून बसली होती, ती वळलीही नाही. चाळीच्या नळावर ती गेली की बायका बोलायच्या थांबतात, आणि म्हणून ती पाणी सगळ्यांच्या नंतर भरते, हे मला पुढे शेजारणीकडून कळलं.

"आता इलात?" दत्ताराम म्हणाला.

"आता कळलं."

"मी तेवाच सांगत होतंय. तुमी हात वर केलात." त्याने आप्पांसारखा तळहात वर करून दाखवला. आप्पांनी मान खाली घातली. "नोकरी नको माका. ती गेली. पण तुमी तिकडे बोललात ता हय पोचला. चोर म्हंतत माका. आता हय बोला."

"कुठे?"

"हय. चाळीत. सगळ्यांसमोर."

त्या वेळी लालबागला संध्याकाळी सभा नाही असा दिवस क्वचितच जायचा. चाळीच्या पटांगणातल्या सभेत कार्यकर्त्यांनी आप्पांना दोन मिनिटं दिली, तीही मी ओळखीची म्हणून. "आजोबा, विषय मुंबईचाच ठेवा हां," एक पोरगेला कार्यकर्ता म्हणाला. आप्पा आयुष्यात कधी माईकसमोर उभे राहिले नव्हते. ते हळू आवाजात बोलू लागले आणि कर्णा किंचाळला. सेक्स्टंट, रेघा, चिंच, असे तुटक शब्द तेवढे ऐकू आले. लोकांना वाटलं, म्हातारा हद्दींबद्दल काहीतरी खोल बोलतोय. कुणीतरी उत्साहाने घोषणा दिली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि सगळं पटांगण गरजलं, "झालाच पाहिजे!" एरवी मीच सगळ्यांच्या वर ओरडले असते. त्या दिवशी मात्र मला कानांवर हात ठेवावेसे वाटले.

दत्ताराम पटांगणाच्या कडेला उभा होता. "कोणाक ऐकूक येवक नाय," तो म्हणाला आणि वर निघून गेला.

पुढच्या रविवारी आप्पा एकटेच धोतर-कोट घालून लालबागला जायला निघाले. मला राहवलं नाही, मीही गेले. तळमजल्यावरच्या पहिल्या खोलीची कडी त्यांनी वाजवली. दार उघडलं. "मी अगासकर, गिरगावात राहतो. गोदीतला सेक्स्टंट नकली आहे असं मी लिहून दिलं होतं. तो खरा आहे. चूक माझी. दत्ताराम तांडेल चोर नाही." मग पुढची खोली. तेच शब्द, त्याच क्रमाने. कुणी हसायचं. कुणी सेक्स्टंट म्हणजे काय हे विचारायचं, आणि आप्पा ते नीट समजावून सांगायचे. कुणी विचारायचं, मग साहेबाने कामावर परत घेतला काय? दर वेळी आप्पांना म्हणावं लागायचं, "नाही." एक म्हातारी त्यांना आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "आमका ठावूक होता, बाबा. तुमकाच ठावूक नव्हता." आप्पा तिच्या पाया पडले. ती गडबडून गेली आणि तिने चहा केल्याशिवाय आम्हाला सोडलं नाही. दत्ताराम आमच्याबरोबर कधी आला नाही. तो आपल्या मजल्यावर कठड्याशी, रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा.

असे अनेक रविवार गेले. चाळ मोठी होती आणि आप्पा घाई करत नव्हते. एखाद्या घरात कर्ता माणूस पाळीवर असला तर ते त्याच्यासाठी पुढच्या रविवारी पुन्हा जायचे. घरी कुणी यंत्र घेऊन आलं तर दारातूनच सांगायचे, "परत न्या. मला दिसत नाही." माई मला म्हणायच्या, "लोकांनी यांच्या पायऱ्या चढायच्या ते दिवस बरे होते गं. यांना दम लागतो." आणि लागतही होता. दुसऱ्या मजल्याच्या अर्ध्या जिन्यात ते बसून राहायचे, छाती खालीवर व्हायची. डॉक्टरांनी जिने बंद करायला सांगितले. "थोड्याच खोल्या राहिल्यात," आप्पा म्हणाले. तोपर्यंत दत्तारामच्या बायकोला नळावर जागा मिळू लागली होती. तेवढं एक त्यांच्या कानावर घालता आलं, याचं मला समाधान आहे. दत्ताराम मात्र त्यांच्याशी अवाक्षर बोलला नव्हता.

आप्पा गेले तेव्हा महाराष्ट्राचं राज्य होणार हे नक्की झालं होतं. आमच्या गल्लीत लोक आनंदात होते, आणि खालच्या मजल्यावर माई एकट्या बसलेल्या. शेवटचे काही दिवस आप्पा अंथरुणावर होते. बोलायचे ते फक्त राहिलेल्या खोल्यांचं.

दहाव्या-अकराव्या दिवशी दुपारी दारात दत्ताराम उभा दिसला. मी माईंजवळ बसले होते. मी त्याला आत या म्हटलं. तो उंबऱ्याबाहेरच राहिला, टोपी हातात घेऊन.

"वरच्या माळ्यावरच्या खोल्या रवल्या होत्या," तो माईंना म्हणाला. "आप्पांका जिनो चढूक गावलो नाय."

माईंनी पदर डोळ्यांना लावला. "राहिल्या खऱ्या."

"रवल्या नाय. परवा मी जाऊन सांगून इलंय."

"तुम्ही?" मी विचारलं. "काय सांगितलंत?"

"ताच. अगासकर येवचे होते म्हणान सांगितलंय, ते वारले. त्यांचा निरोप असा, दत्ताराम चोर नाय." त्याने हातातली टोपी डोक्यावर चढवली. "सगळ्या खोल्यांत सांगितलंय. एकव सोडूक नाय."